गाठ नेमकी कुठे?

आमच्या शाळेच्या पटांगणात शनिवारी सकाळी लंगडीचा डाव होत असे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवीतली एक मुलगी दोन उड्यांतच कोलमडून पडली. पोरे हसली. मी तिला पुन्हा उभी केली. ती पुन्हा पडली. ‘नखरे करतेस काय?’ म्हणून मी तिच्यावर खेकसलो आणि डाव संपेपर्यंत तिला कडुनिंबाखाली उभे राहायला लावले. तिथेही ती मान एका बाजूला कलती करूनच उभी होती. मला तो उद्धटपणा वाटला.

महिनाभराने तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, ‘गुर्जी, पोरगी सकाळी उठली की उलटी करायली. डोकं धरून बसती. उलटी झाली की बरं वाटतं म्हणती.’ घरच्यांनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या होत्या, अंगारा लावला होता, पित्ताचे चूर्णही देऊन झाले होते. मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, ‘शाळा चुकविण्याच्या खोड्या आहेत, सकाळीच बरे डोके दुखते!’ पुढे ती फळ्यावरचा एक आकडा दोन दिसतो असे म्हणू लागली, तेव्हा तालुक्याला डोळे तपासण्याचे शिबिर होते तिथे चष्म्यासाठी तिला पाठविले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हातातल्या लहानशा दिव्याने तिच्या बुबुळातून आत बराच वेळ पाहिले. मग तिच्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘हे चष्म्याचे काम नाही. आजच्या आज नांदेड गाठा.’ नांदेडला डोक्याचा फोटो निघाला. लहान मेंदूत लिंबाएवढी गाठ होती.

त्या घरात मुंबई पाहिलेले कोणी नव्हते. मी गेलो. खरे सांगायचे तर परोपकारासाठी गेलो नाही. कडुनिंबाखालची ती कलती मान मला झोपू देत नव्हती, म्हणून गेलो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात एकवीस रात्री काढल्या. माणसाच्या कवटीत हात घालण्याचे धाडस पहिल्यांदा कोणी केले असेल, हा प्रश्न तिथे मनात आला, आणि तेव्हापासून मिळेल ते वाचीत आलो आहे. मी डॉक्टर नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा मॅट्रिक मास्तर आहे. तेव्हा पुढील मजकूर कोणी औषधोपचाराचा सल्ला म्हणून वाचू नये. परंतु एवढे वाचल्यावर एक गोष्ट मला कळली, ती अशी: मेंदूतील गाठीवरच्या उपचारांचा इतिहास हा सुरीचा इतिहास नाही. तो एका प्रश्नाचा इतिहास आहे. तो प्रश्न म्हणजे, ‘कुठे?’

* * *

आपल्याकडच्या जुन्या कथांत हा प्रश्न पडतच नाही. बौद्धांच्या विनयपिटकात जीवक नावाच्या वैद्याची कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीचे डोके वर्षानुवर्षे दुखत होते. जीवकाने त्याला खाटेला बांधले, कवटी उघडली, आतून दोन जंत काढून जमलेल्या लोकांना दाखविले आणि कातडी पुन्हा शिवून टाकली. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तही धारच्या भोजराजाला असेच दुखणे लागते, दोन वैद्य येतात, त्याला भूल देणारे चूर्ण हुंगवितात, कवटी उघडून आतला जीव काढतात आणि संजीवनीने राजाला शुद्धीवर आणतात. कथा मोठ्या सुरस आहेत. पण दोन्हींत वैद्याला दुखण्याची जागा आधीच ठाऊक असते. कारण कथा सांगणाऱ्याला ती ठाऊक असते.

खऱ्या वैद्यापुढे मात्र बंद पेटी असते. पोटात गाठ झाली तर हाताला लागते, मानेवर झाली तर डोळ्यांना दिसते. कवटी हाडाची, ती दाबून पाहता येत नाही, आणि आत गाठ वाढू लागली तर कवटीला फुगताही येत नाही. जागा तेवढीच, भाडेकरू एक वाढला, अशी गत होते. दाब वाढतो, मेंदूतील पाण्याचा मार्ग तुंबतो. रात्रभर आडवे राहिल्याने तो दाब पहाटेस अधिक चढतो; म्हणून डोके सकाळी दुखते, उलटी होते आणि उलटीनंतर काही वेळ बरे वाटते. मी ज्याला खोडी म्हणालो होतो त्याचे कारण हे असे होते.

या पेटीला पहिली खिडकी १८५१ मध्ये सापडली. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन बनविले. डोळ्यामागची मज्जा थेट मेंदूकडे जाते. आतला दाब वाढला की तिचे टोक सुजते आणि बुबुळातून ते दिसते. आमच्या शिबिरातल्या डॉक्टरांच्या हातात होता तो याच साधनाचा वंशज. परंतु या खिडकीतून आत काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. कुठे, ते कळत नाही.

* * *

‘कुठे’ याचे पहिले उत्तर यंत्राने दिले नाही, ते माणसाच्या निरीक्षणाने दिले. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका याने दाखविले की वाचा गेलेल्या रोग्याच्या मेंदूत एका विशिष्ट जागी बिघाड असतो. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिटझिग या जर्मनांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श करून त्याचे पाय हलवून दाखविले. मग लंडनच्या डेव्हिड फेरियरने माकडांवर प्रयोग करून मेंदूचा नकाशाच काढला: इथे हात, इथे तोंड, इथे पाय. या प्रयोगांबद्दल १८८१ मध्ये त्याच्यावर प्राण्यांच्या छळाचा खटलाही झाला.

तीनच वर्षांत त्या नकाशाची परीक्षा झाली. लंडनच्या एका लहान रुग्णालयात पंचवीस वर्षांचा एक स्कॉटिश शेतकरी आला. आधी त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फडफडे, मग डावा हात झटके देई, शेवटी डावा हात लुळा पडत चालला. डोके असह्य दुखे, उलट्या होत. ह्यूज बेनेट या वैद्याने त्याला नुसते पाहिले. त्याच्यापाशी दुसरे साधनच नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू, आणि हाताची जागा म्हणजे नकाशावरील अमुक ठिकाण, असा हिशेब त्याने मांडला आणि बाहेरून काहीही दिसत नसलेल्या कवटीवर बोट ठेवून सांगितले, इथे उघडा. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली याने तिथे उघडले. आधी काहीच दिसेना. मग मेंदूच्या पृष्ठभागाखाली जरासे, पाव इंचावर, अक्रोडाएवढी गाठ मिळाली.

रोगी अठ्ठावीस दिवस जगला. फेफरे थांबले, डोकेदुखी गेली. पण जखमेत जंतू शिरले आणि त्याने तो गेला. यातली चुटपुट अशी की गॉडली हा लिस्टरचा सख्खा भाचा होता, आणि जखमेतील जंतू मारण्याची विद्या जगाला १८६७ मध्ये शिकविली ती याच लिस्टरने. मामाची विद्या भाच्याला अर्धीच पावली. तत्पूर्वी १८७९ मध्ये ग्लासगोच्या मॅकइवेनने एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली होती आणि ती मुलगी पुढे आठ वर्षे जगली. पण तिथे डोळ्यावर बाहेरूनही सूज दिसत होती. केवळ अनुमानाने बंद पेटीतली जागा सांगितली, ती बेनेटने.

या कथेत आमच्या मुलखाचाही एक धागा आहे, आणि तो वाचताना मी चकितच झालो. कवटी उघडायची तर भूल हवी. ईथर १८४६ मध्ये आले, क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये. क्लोरोफॉर्म सोयीचे, पण त्याने अधूनमधून रोगी टेबलावरच दगावत. का, यावर विलायतेत मोठा वाद होता. हिंगोली त्या काळी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादचे डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहावरून निजाम सरकारने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन समित्या बसविल्या, आणि ‘लान्सेट’ साप्ताहिकाच्या प्रतिनिधीने विलायतेहून यावे म्हणून हजार पौंडांची थैली दिली. कुत्र्या-माकडांवर शेकडो प्रयोग झाले. आधी श्वास थांबतो, मग हृदय. तेव्हा श्वासावर नजर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. तो पुरता खरा नव्हता. हलक्या भुलीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही याने सिद्ध केले. तरी भूल देताना रोग्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, ही गोष्ट त्या वादानेच सगळ्यांच्या मनावर ठसली. त्या हजार पौंडांत आमच्या कयाधूकाठच्या कुणा कुणब्याचा सारा असेलच की!

मेंदूच्या शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मचा पुरस्कार करणारा मोठा माणूस म्हणजे व्हिक्टर हॉर्स्ली. हाडातून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी त्याने १८९२ मध्ये मधमाश्यांच्या मेणाचा लेप शोधला. तशा जातीचे मेण आजही वापरतात. पहिल्या महायुद्धात तो मेसोपोटेमियात गेला, जिथे आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या, आणि १९१६ च्या जुलैत अमारा येथे उष्माघाताने वारला.

* * *

अंगावरच्या खुणांवरून केलेला अंदाज पुष्कळदा चुके. कवटी उघडावी आणि आत गाठच नसावी, असे होई. अमेरिकेतील वॉल्टर डँडी याच्या ध्यानात आले की क्ष-किरणांच्या फोटोत पोटातली हवा स्वच्छ दिसते. मग मेंदूतील पोकळ्यांतले पाणी काढून तिथे हवा भरली तर? १९१८ मध्ये त्याने तसे केले. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की समजावे, गाठ दुसऱ्या बाजूला आहे. युक्ती अचाट होती, पण रोग्याचे डोके फुटावे असे दुखे आणि ओकाऱ्या थांबत नसत. १९२७ मध्ये लिस्बनच्या मोनिझने मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचाच फोटो घेतला. जवळजवळ पन्नास वर्षे जगभरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी या दोन दिव्यांच्या उजेडात काम केले.

याच काळात हार्वे कुशिंग याने शस्त्रक्रियेची रीतच पालटली. हा बॉस्टनचा सर्जन मोठा करडा, पण हाताने अतिशय सावकाश. रक्ताचा थेंबही वाया जाऊ नये यावर त्याचा कटाक्ष. १९११ मध्ये त्याने रक्तवाहिन्या चिमटून ठेवणाऱ्या चांदीच्या चिमुकल्या पकडी काढल्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोव्ही नावाच्या शास्त्रज्ञाने बनविलेल्या विजेच्या उपकरणाने, जागच्या जागी रक्त गोठवीत, आधी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागलेली गाठ त्याने काढली. त्याच्या आधी अशा शस्त्रक्रियांत तीन-चार रोग्यांमागे एक जाई. त्याच्या अखेरच्या वर्षांत दहांतला एकही जात नसे. १९३१ मध्ये त्याने दोन हजारावी गाठ काढली. आणि त्याच वर्षी लहान मेंदूतील एका मवाळ जातीच्या गाठीच्या शहात्तर रोग्यांचा वृत्तांत त्याने प्रसिद्ध केला. ही जात बहुधा मुलांत होते. पुरती निघाली तर मूल बरे होते. हा वृत्तांत मी फार सावकाश वाचला. का, ते पुढे येईल.

कुशिंगपासून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे थांबणे. मेंदूत शेत आणि तण यांच्यामध्ये बांध नसतो. सगळे तण उपटायला गेले तर पीकही जाते, वाचा जाते, हात जातो. किती काढायचे याहून किती ठेवायचे हे कळणारा सर्जन मोठा, हे या शास्त्राने फार किंमत देऊन शिकलेले आहे. मेंदूला स्वतःला वेदना नसतात. म्हणून कॅनडातील पेनफिल्ड रोग्याला जागा ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया करी. बोलणे अडखळले की सुरी थांबे. आज मुंबईतही, गाठ वाचेच्या जागेजवळ असली तर, अशा शस्त्रक्रिया होतात.

* * *

आणि मग ‘कुठे’चे उत्तर देणारे यंत्र आले. ते आले गाण्यांच्या कंपनीतून! ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या आपल्या घरोघरी होत्या. त्या काढणाऱ्या विलायती ईएमआय कंपनीत हाउन्सफील्ड नावाचा अभियंता होता. डोक्याभोवती फिरत हजारो ठिकाणांहून क्ष-किरण सोडावेत आणि गणकयंत्राकडून हिशेब करवून आतला काप चित्रात उभा करावा, ही त्याची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे कुशिंगच्या त्या शस्त्रक्रियेला पंचेचाळीस वर्षे झाली त्याच दिवशी, लंडनजवळच्या विंबल्डन येथील रुग्णालयात एका बाईच्या मेंदूचा पहिला काप घेतला गेला. गाठ चित्रात दिसली. शस्त्रक्रियेत निघाली तीही अगदी चित्रातल्यासारखीच. हे सीटी स्कॅन. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. त्यापाठोपाठ लोहचुंबकाच्या बळावर चालणारे एमआरआय आले. ते अधिक बारकाईने दाखविते.

डँडीची हवा, ते मरणप्राय डोके, ते सगळे एका रात्रीत इतिहासजमा झाले म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ मध्ये वेलोरला निघाला. डॉ. जेकब चँडी हे पेनफिल्डच्या संस्थेत शिकून आलेले. १९५० मध्ये मद्रासला डॉ. राममूर्तींनी काम सुरू केले. त्याच दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांनी पाया घातला. या मंडळींना एक गोष्ट आढळली, जी विलायती पुस्तकांत फारशी नव्हती: आपल्याकडच्या मेंदूतील गाठींपैकी पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसत, क्षयाच्या असत. मग ‘कुठे’ याच्या जोडीला ‘कसली’ हा प्रश्न आला. क्षयाची औषधे आल्यावर अशा कित्येक गाठी गोळ्यांनीच विरघळू लागल्या. पुढे वेलोरच्याच डॉ. राजशेखर आणि चँडी यांच्या नावाच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी दाखविले की स्कॅनवर दिसणारे, फेफरे आणणारे पुष्कळ लहान ठिपके हे फीतकृमीच्या अळीचे असतात, आणि ते बहुधा कवटी न उघडताच जातात. ती अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. जीवकाने काढलेले दोन जंत मला इथे आठवले. कथा ती कथाच; पण मेंदूत जंत असू शकतो, एवढे तरी खोटे नव्हे.

* * *

जिथे सुरी पोचत नाही किंवा पोचू नये, तिथे किरण. १९४१ च्या २८ फेब्रुवारीस परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्यांच्या पतीची, सर दोराबजींची, ती इच्छा होती. ते रुग्णालय १९६२ पासून अणुशक्ती खात्याकडे आहे. किरणांनाही तोच जुना प्रश्न विचारावा लागतो: गाठ मरावी पण शेजार जगावा, हे कसे? स्वीडनच्या लेक्सेलने १९५१ मध्ये सुचविले की एकच जोरदार किरण सोडण्याऐवजी अनेक बाजूंनी बारीक किरण सोडावेत. वाटेत प्रत्येक किरण निरुपद्रवी, जिथे सगळे मिळतात तिथे मात्र जबर. आरशांनी सगळीकडून ऊन एका बिंदूवर टाकावे तसे. १९६८ मध्ये त्याचे यंत्र आले. त्यास ‘गामा नाइफ’ म्हणतात, जरी त्यात सुरी मुळीच नसते. मुंबईत ते १९९७ मध्ये हिंदुजा रुग्णालयात आले. लहान आणि ठळक कडांच्या गाठींस ते उपयोगी, पसरलेल्यांस नाही.

टाटा रुग्णालयात एक मोलाचे काम झाले. मवाळ गाठी असलेली दोनशे मुले आणि तरुण २००१ ते २०१२ या काळात दोन गटांत घेतले. अर्ध्यांना नेहमीच्या रीतीने किरण दिले, अर्ध्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम काटेकोरपणे. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष छापले: दुसऱ्या गटातील मुलांची बुद्धी पाच वर्षांनंतरही अधिक चांगली टिकली. शिक्षक म्हणून मला याचे महत्त्व फार वाटते. जीव वाचला, पण मूल पाढे विसरले, असे होऊ नये, यासाठी कुणीतरी इतकी वर्षे हिशेब ठेवला. २०२३ पासून खारघरच्या टाटा केंद्रात प्रोटॉन किरणांचाही उपचार होतो. हे किरण ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे जात नाहीत. मुलांच्या वाढत्या मेंदूला याचा लाभ.

औषधांची वाट अधिक अवघड. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना निसर्गाने अडसर घातला आहे. रक्तातले वाटेल ते मेंदूत शिरू देत नाहीत. विषापासून बचाव करणारा हाच अडसर औषधालाही अडवितो. १९६१ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मेंदूची सूज झपाट्याने उतरविते असे दिसून आले. स्वस्त गोळी, पण तिने असंख्य रोगी शस्त्रक्रियेपर्यंत जगविले. आणि ग्लिओब्लास्टोमा नावाच्या सर्वांत क्रूर गाठीसाठी टेमोझोलोमाइड आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या किरणांनी निम्मे रोगी बारा महिन्यांच्या आसपास जगत, ते किरणांसोबत या गोळ्या दिल्याने साडेचौदा महिन्यांवर गेले. दोन वर्षांनंतर शंभरातले दहा हयात असत, ते सव्वीस झाले. हे आकडे मी मुद्दाम देतो. दिवाळी अंक आनंदाचा असतो, पण खोटा आनंद देऊ नये. या जातीची गाठ अजून बहुधा माणसाला हरविते. अडीच महिने म्हणजे काय, ते व्हरांड्यात निजलेल्या माणसाला विचारावे. तो ते थोडे म्हणत नाही.

* * *

आता आमच्या मुलीकडे येतो. मुंबईला पोचल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला सरळ रेषेवर, टाचेला अंगठा लावीत चालायला सांगितले. ती दोन पावलांत कलंडली. मग म्हणाले, ‘एका पायावर उभी राहा.’ मी भिंतीकडे तोंड फिरविले. बेनेटने ज्या प्रकारच्या खुणेवरून कवटीवर बोट ठेवले, तशी खूण माझ्या पटांगणात, माझ्या डोळ्यांपुढे, पूर्ण शाळेसमोर झाली होती. तोल सांभाळणारा लहान मेंदू. मान कलती, कारण त्याने दुहेरी दिसणे सुसह्य होते. सगळे लिहिलेले होते. वाचणारा मास्तर अडाणी.

सूज उतरविणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत पोरगी हसू लागली, मागून जेवू लागली. तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘गुर्जी, लेकरू बरं झालं की वो. हसायलं, जेवायलं. आता कशाला डोस्कं फाडायचं? चला घरी.’ वडीलही गप्प. त्या रात्री मी त्यांना एवढेच सांगितले: विहिरीचे पाणी उपसले म्हणून झरा बंद होत नाही. आई रात्रभर बोलली नाही. सकाळी तिने कागदावर अंगठा दिला.

सात तास लागले. सर्जन बाहेर आले, घामेजलेले, आणि मलाच म्हणाले, ‘वडील तुम्ही का?’ मी म्हणालो, ‘नाही, मास्तर.’ ते म्हणाले, ‘पूर्ण निघाली आहे.’ आठवड्याने तपासणीचा कागद आला: कुशिंगच्या शहात्तर रोग्यांना होती तीच मवाळ जात. किरणांची गरज पडली नाही.

सगळ्यांचे असे होत नाही. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची गाठ दुसऱ्या जातीची होती. त्याविषयी इथे लिहीत नाही.

तिथल्या व्हरांड्यात ‘कुठे’चा दुसरा अर्थ मला समजला. गाठ कुठे, हे आता यंत्र घटकाभरात सांगते. पण रोग्याने जायचे कुठे? हिंगोलीहून मुंबई जवळजवळ सहाशे किलोमीटर. निजायचे कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना आसरा देते. खराट्याने गावे झाडणाऱ्या त्या पुरुषाने निवारा हेच देवाचे काम मानले. तरीही परळच्या पदपथावर आमच्या मराठवाड्याची बोली ऐकू येते. गोष्टी सुधारल्या नाहीत असे नाही. औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी कर्करोग रुग्णालय झाले. २०२४ मध्ये हिंगोलीला वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नामदेवांच्या नरसीच्या शेजारी मुले डॉक्टरकी शिकू लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु यंत्र कितीही जवळ आले तरी त्या यंत्रापाशी मूल पाठविणारा कोणीतरी लागतो, आणि तो डॉक्टर नसतो. तो आई असतो, मास्तर असतो, शिबिरात घाई न करणारा डोळ्यांचा वैद्य असतो. डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. हजारांत एखाद्याची तशी निघते, तेव्हा कुणी भिऊ नये. पण पहाटेची डोकेदुखी आणि उलटी आठवडेच्या आठवडे चालली, मूल चालताना झोकांड्या खाऊ लागले, एकाचे दोन दिसू लागले, मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फेफरे आले, तर अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडीत बसून लावा.

ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. मानेवर, केसांखाली, एक लांब व्रण आहे. गेल्या दिवाळीत माहेरी आली, तेव्हा फराळाचे ताट घेऊन आमच्याकडेही आली. आमच्या दाराला तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. ताट दोन्ही हातांत धरून ती चढून आली, आणि मी मात्र तोपर्यंत उठून उभा राहिलो होतो. ती हसली. म्हणाली, ‘गुर्जी, तुम्ही अजून भेताव व्हय?’

मी म्हणालो, ‘होय.’